चोविसाव्या नंबरचा घोडनवरा

आपण सॅक्रामेंटो किंग्जचे, म्हणजे अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या एका टीमचे चाहते. का, ते विचारू नका. मालकाचं आडनाव रणदिवे, गडी मुंबईत जन्मला, जुहूला वाढला आणि 2013 साली त्याने ही टीम घेतली. ठाण्यातल्या माणसाला एवढं पुरतं. वर 2019 च्या ऑक्टोबरात टीम वरळीच्या डोममध्ये येऊन गेली आणि इंडियाना पेसर्सकडून दोन्ही सामने हरली. तिथे नातं पक्कं झालं.

तर 2025 चा ड्राफ्ट, म्हणजे टीम्सनी पाळीपाळीने नवी पोरं निवडायचा दिवस. ब्रुकलिनमध्ये संध्याकाळचे आठ, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. किंग्जचा पहिल्या फेरीतला पिक, म्हणजे निवडीची पाळी, जुन्या एका व्यवहारात अटलांटाकडे गेलेला, म्हणजे आमच्या घरी लग्नच नव्हतं. तरीही आमचे एक मित्र साडेपाचला बेल वाजवून हजर. ऑफिसची वेळ होत आली तेव्हा बातमी आली की किंग्जनी ओक्लाहोमा सिटीकडून चोविसावा पिक मिळवला आणि नीक क्लिफर्डला घेतलं. मित्राने कपाळावर हात मारून असा काही हंबरडा फोडला की आई स्वयंपाकघरातून घाबरून म्हणाली, "अरे, कोण गेलं?"

त्या सकाळी मला जे ज्ञान मिळालं ते एकट्याने पचवणं बरं नव्हे. पुढच्या जूनमध्ये तुम्हालाही तज्ज्ञ व्हायचं असेल तर लिहून घ्या.

सर्वात आधी, ज्या पोराबद्दल बोलायचं त्याचा सामना चुकूनही बघू नका. मत गढूळ होतं. चहात बिस्किट बुडवून ते तुटायच्या आत जेवढा व्हिडिओ बघून होईल तेवढा अभ्यास भरपूर झाला.

'विंगस्पॅन' (पसरलेल्या हातांची लांबी) हा शब्द दर तिसऱ्या वाक्यात आला पाहिजे.

वयाचं शास्त्र नीट समजून घ्या. पोरगा एकोणीसचा असेल तर "अजून कच्चा आहे." तेवीसचा असेल तर "घोडनवरा आणलाय." एकवीसचा असेल तर दोन्ही म्हणता येतं. क्लिफर्ड तेव्हा तेवीसचा. पाच वर्षं कॉलेजात घासली, तीन कोलोरॅडोत, दोन कोलोरॅडो स्टेटमध्ये. शेवटच्या हंगामात सामन्यामागे जवळजवळ एकोणीस गुण आणि साडेनऊ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं). मुलगा शिकलेला, कमावता, निर्व्यसनी असला तरी आपण पत्रिका बघायची. जन्मसाल वाचलं की विषय संपला.

मार्क लगेच द्या. नाव पुकारल्यावर पोराने टीमची टोपी घातली की 'डी मायनस', म्हणजे जेमतेम पास. उद्यापर्यंत थांबलात तर विचार करावा लागेल. 2015 मध्ये न्यूयॉर्क निक्सने पोर्झिंगिस नावाच्या पोराला घेतलं तेव्हा त्यांच्याच चाहत्यांनी सभागृहात हुर्यो उडवली होती. तीन वर्षांत तो ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक ताऱ्यांच्या सामन्यात पोचला. पण हुर्यो कशी वेळेत झाली!

आणि आता मुख्य विद्या: "मी तेव्हाच म्हणालो होतो." ही आली की बाकीचं काही आलं नाही तरी चालतं. आमचे मित्र यात पीएचडी आहेत. 2018 च्या ड्राफ्टमध्ये किंग्जचा दुसरा नंबर होता. लुका डॉन्चिच समोर होता. रेआल माद्रिदकडून खेळताना एकोणिसाव्या वर्षी युरोलीगचा, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. किंग्जसाठी खेळाडू निवडणाऱ्या आपल्या व्लादे दिवात्सने मार्विन बॅगली नावाचा दुसराच पोरगा घेतला. (हा तोच दिवात्स, ज्याला देऊन 1996 मध्ये लेकर्सनी शार्लटकडून पोरसवदा कोबी ब्रायंट घेतला होता. ड्राफ्टची किंमत कुणाला कळायला हवी होती, तर याला.) लुका तिसऱ्या नंबरवर अटलांटाकडे आणि तिथून त्याच दिवशी डॅलसला. तेव्हापासून मित्र सांगतायत, "मी तेव्हाच म्हणालो होतो, लुका घ्या."

म्हणाला होतास? कधी? मी शेजारी बसलो होतो ना! तू म्हणालास, "लुका जाडा आहे, स्लो आहे, युरोपात ठीक, इथे चिरडतील." बॅगलीची उडी बघून तू मिसळ खिलवलीस, त्याचं बिल आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. 2020 मध्ये बाराव्या नंबरवर आपल्याला हॅलिबर्टन हा पोरगा मिळाला तेव्हा तू त्याच्या शॉटची नक्कल करून दाखवलीस, "असा बॉल आमच्या सोसायटीतली पोरं टाकतात." 2022 च्या फेब्रुवारीत त्याला इंडियानाला दिलं तेव्हा दोन दिवस माझा फोन उचलला नाहीस, जणू मीच विकला. आणि जून 2025 मध्ये तोच हॅलिबर्टन इंडियानाला फायनलच्या सातव्या सामन्यापर्यंत घेऊन गेला, तिथे त्याच्या पायाचा स्नायुबंध तुटला, तेव्हा तू माझ्याच सोफ्यावर डोळे पुसत म्हणालास, "मी तेव्हाच म्हणालो होतो, हिरा आहे." त्याच आठवड्यात क्लिफर्डला डी मायनस!

बास झालं. उपरोध वगैरे गेला खड्ड्यात. सरळ विचारतो. पहाटे उठून त्या मुलाचा एक तरी अख्खा सामना बघितलास का? त्या टीमच्या कोचचं नाव सांगता येईल? मग पाच वर्षं घाम गाळून इथवर आलेल्या पोराला माझ्या घरात बसून, माझ्या आईला दचकवून, शिव्या कसल्या देतोस? 2014 मध्ये पुढे सुपरस्टार झालेला योकिच एक्केचाळिसावा गेला, तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती. 2011 मध्ये आपल्याच किंग्जनी साठावा, अगदी शेवटचा पिक म्हणून आयझिया थॉमस घेतला. पाच फूट नऊ इंच. तो बोस्टनला जाऊन दोनदा ऑल-स्टार झाला, कारण आपण त्यालाही सोडलं. ज्यांचा पगारच या कामाचा आहे त्यांना उमगत नाही आणि तुला एका बिस्किटात उमगतं? मलाही कळत नाही. बॅगलीच्या मिसळीत मी एक्स्ट्रा पाव घेतला होता, खोटं कशाला बोलू. पण मी निदान तेव्हाच काही म्हणालो नव्हतो.

पुढच्या जूनमध्ये ये, नाही म्हणत नाही. गप्प बसून बघायचं. आणि येताना दुधाची पिशवी घेऊन ये. त्या सकाळी तू चार कप चहा प्यालास, आईला कोरा प्यावा लागला.