नुसती फट

केक मध्येच खचला तो माझ्यामुळे नाही, आणि मुलांमुळे तर मुळीच नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण सध्या आमच्या नातेवाइकांत ‘जावयाचा केक बसला’ असं एक वाक्य फिरतंय आणि त्याचा उगम मला पक्का ठाऊक आहे. तो उगम त्या वेळी आमच्याच स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसला होता. बायकोचे मामा.

मुलगी पाच वर्षांची, मुलगा तीन. एवढ्या वयाच्या मुलांना घेऊन केक करायचा म्हणजे धिंगाणा, असं सगळ्यांना वाटतं. धिंगाणा असतोच, पण मुलं नियमांना फार कडक असतात. काट्यावर १५० ग्रॅम म्हणजे १५०. १५२ दिसले की पाच वर्षांची व्यक्ती चिमटीनं मैदा काढते, १४९ झाले की परत घालते, आणि या सगळ्या वेळात श्वास रोखून धरते. खरी भीती असते ती ॲप्रन न घातलेल्या मोठ्या माणसाची.

“हे काय, केकला वजन?” मामांनी सुरुवात केली. “आमच्याकडे सगळं अंदाजानं व्हायचं.”

आता मुलांबरोबर करायच्या केकचा सगळा जीव त्या वजनात असतो. कवच सोडून एक मध्यम अंडं साधारण ५० ग्रॅम भरतं. तीन अंडी घेतली की १५० ग्रॅम लोणी, १५० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम मैदा. चारही गोष्टी सारख्या, त्यामुळे एकच आकडा लक्षात ठेवायचा आणि तोही मुलांनीच. वर दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, एक चमचा व्हॅनिला, मिश्रण घट्ट वाटलं तर दोन मोठे चमचे दूध. १८ सेंटिमीटरच्या गोल टिनमध्ये हे बरोबर मावतं. कपानं मोजायला दिलं तर मुलं मैदा थापटून थापटून भरतात. चमच्यानं अलगद भरलेल्या कपात १२० ग्रॅमच्या आसपास मैदा बसतो, तोच कप दाबून भरला की १५० च्या घरात जातो. मग केक कोरडा होतो आणि दोष ओव्हनला मिळतो.

हे सगळं मी मामांना सांगितलं. फार सौम्यपणे सांगितलं.

“अंदाज नावाची एक गोष्ट असते, जावईबापू.”

“असते ना, मामा. पण हिला अजून अंदाज येत नाही, आकडे वाचता येतात.”

“मग आकडे शिकवा की. केक विकत मिळतो.”

या वाक्यापुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. विकत सगळंच मिळतं. मामांनाही बसायला विकतची जागा मिळाली असती.

लोणी तासभर आधी बाहेर काढून ठेवायचं. बोट दाबलं की खळगा पडावा, पण बोट तुपकट होऊन बाहेर येऊ नये. याला कारण आहे. साखर आणि लोणी फेटताना साखरेचे कण लोण्यात हवेचे बारीक बारीक बुडबुडे कोंडत जातात. बेकिंग पावडर पुढे नवे बुडबुडे तयार करत नाही, आहेत तेच फुगवते. वितळलेल्या लोण्यात हवा टिकतच नाही, त्यामुळे घाईनं लोणी गरम करून घेणाऱ्यांचा केक ठेंगणा राहतो. फेटताना बाऊलखाली ओलं फडकं घालावं, नाहीतर बाऊल ओट्यावरून निघून जातो आणि मुलं त्याच्या मागे. पाळीवरून भांडण होणारच. ‘वीस फेऱ्या तुझ्या, वीस माझ्या’ हा तोडगा चालतो, आकडेही आपोआप शिकवून होतात. ऐकताय ना मामा?

तीन वर्षांच्या माणसाला चमचा पेलत नाही, पण त्याला एक काम अप्रतिम येतं. टिनला आतून बोटांनी लोणी फासायचं. कोपरापर्यंत फासून घेतो तो, पण टिनचा एकही कोपरा सोडत नाही. तळाला कागदाचं वर्तुळ आपण टाकायचं.

अंडी फोडणं हा खरा समारंभ. बाऊलच्या काठावर आपटलं की कवचाचे तुकडे आत जातात, म्हणून सपाट ओट्यावर एकदाच ठोकायचं आणि दोन्ही अंगठे त्या चिरेत घालून उघडायचं. प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत. तुकडा पडलाच तर बोटानं पकडायला जाऊ नये, तो निसटतो. अर्ध्या कवचाच्या धारेनं उचलला तर लगेच येतो. अंडी फ्रिजमधून थेट घातली की लोणी आखडतं आणि मिश्रण फाटल्यासारखं दिसतं. घाबरायचं कारण नाही. आधीच मोजलेल्या मैद्यातला एक चमचा घालून फेटलं की पुन्हा एकजीव होतं. मग दोघांचेही हात साबणानं धुवायचे, आणि ते धुवायच्या आत नाकात बोट गेलेलं असतं, ते वेगळं.

इथे मामांना चहाची आठवण झाली. “तुमचं चालू द्या, मी माझा टाकतो,” म्हणत त्यांनी शेजारची शेगडी पेटवली. नेमकी त्याच वेळी कन्या उंचावरून मैदा चाळत होती आणि सगळा ओटा पांढऱ्या धुरात होता. मी पुढे होऊन शेगडी बंद केली तर मामांचा चेहरा पडला. मला खरं तर त्यांना इटलीतल्या तुरीनची हकीकत सांगायची होती. १७८५ च्या डिसेंबरात तिथल्या एका बेकरीच्या पिठाच्या कोठारात स्फोट झाला. एक पोरगा दिव्याच्या उजेडात पीठ खाली ढकलत होता, ढिगाचा मोठा भाग एकदम कोसळला, हवेत पीठ उडालं आणि पेटलं. ढिगानं पडलेलं पीठ धड पेटत नाही, पण हवेत पसरलेल्या पिठाच्या प्रत्येक कणाभोवती ऑक्सिजन असतो. आमच्या ओट्यावर तेवढं पीठ नव्हतं, कबूल. पण चाळण मुलाच्या हातात असताना जवळ ज्योत नको, एवढं समजायला तुरीनला जायची गरज नाही. तरीही मी मामांना ही गोष्ट सांगितली.

“कधी झालं हे?”

“१७८५.”

“मग आता काय त्याचं?”

चहा त्यांना मीच करून दिला. मैदा पूर्ण खाली बसल्यावर.

मैदा घातल्यावर जोर लावायचा नाही, हे मुलांना पटवणं सगळ्यात अवघड. आतापर्यंत ‘जोरात, जोरात’ म्हणणारे आपणच आता ‘हळू, हळू’ म्हणायला लागतो. मैद्यात ओलावा गेला आणि घुसळाघुसळ केली की ग्लूटेनचे धागे बळकट होतात. पावाला ते हवे असतात, केकला नकोत. केक चिवट होतो, आत लांबट भोकं पडतात. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबायचं. आणि मिश्रण लगेच ओव्हनमध्ये. बेकिंग पावडरमध्ये खायचा सोडा आणि कोरडं आम्ल स्टार्चमध्ये मिसळून ठेवलेलं असतं. ओल लागली की दोघं एकमेकांना भेटतात आणि वायू सुटायला लागतो. ही भानगड इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्यानं १८४३ मध्ये जमवली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं. घरच्या माणसासाठी कुणी एवढं करतं हे वाचून मला भरून आलं होतं. त्याच्या बायकोला मामा होते की नाही, याची नोंद सापडली नाही.

बाऊल चाटायचा की नाही, यावरून पुढची चकमक. मी नाही म्हणालो. कच्च्या अंड्यात साल्मोनेला असू शकतो हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण मैदासुद्धा कच्चाच असतो हे लक्षात येत नाही. तो गव्हापासून पिशवीपर्यंत कुठेच शिजलेला नसतो आणि त्यातून ई. कोलायसारखे जंतू पोटात जाऊ शकतात. यावर उपाय सोपा आहे. अंडी घालायच्या आधी फेटलेल्या लोणी-साखरेचे दोन चमचे बाजूला काढून ठेवायचे आणि चाटायच्या वेळी तेच द्यायचे. आमच्याकडे वाट्या तयार होत्या. तोवर मामांचं बोट बाउलमधून थेट नातवाच्या तोंडात.

“आम्ही नाही खाल्लं? मेलो का?”

हा युक्तिवाद मला फार आवडतो. ज्यांना बाधलं ते खुर्ची टाकून बोलायला येत नाहीत, हे त्यात सोयीस्करपणे सुटतं.

असो. ओव्हन १८० अंश सेल्सिअसला आधीच तापलेला, टिन मधल्या कप्प्यात, वेळ ३५ मिनिटं. ओव्हनपासून चार फुटांवर जमिनीवर लाल चिकटपट्टीची रेघ. रेघेच्या आत मुलांनी यायचं नाही, पहिली २५ मिनिटं दार कुणीच उघडायचं नाही. आतला दिवा लावून ठेवला की काचेतून सगळं दिसतं. दोघं रेघेबाहेर मांडी घालून बसली. केक कडेनं चढला, मग मधून फुगायला लागला. धाकट्यानं ‘मोठ्ठा झाला’ असं मला आणि भिंतीला सांगितलं.

पंधराएक मिनिटं झाली असतील. मामा उठले आणि रेघ ओलांडून गेले.

“मामा, दार उघडू नका हं.”

“उघडत नाहीये. नुसती फट करतोय.”

“फटही नको.”

“अहो, कळायला नको का आत काय चाललंय?”

“काचेतून दिसतंय की.”

“दिसतंय हो. पण वास?”

वास! तो शेजारच्या खोलीपर्यंत पोचला होता. पण मामांना तो उगमापाशी हवा होता. त्यांनी दार वीतभर उघडलं, त्यात तोंड घातलं, चष्म्यावर वाफ आली म्हणून चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि हे सगळं दार तसंच ठेवून. गरम हवा तेवढ्यात बाहेर पडायची ती पडली.

“आजोबा, तुम्ही घड्याळ बघितलं नाही,” कन्या म्हणाली.

“आजोबांना घड्याळ लागत नाही गं.”

पंधराव्या मिनिटाला केक हा दिसायला केक असतो, आतून तो बुडबुड्यांनी भरलेलं दाट पाणीच असतो. अंड्यातली प्रथिनं घट्ट व्हायची असतात, मैद्यातला स्टार्च फुगून जागा धरायचा असतो. मधला भाग ९५ अंशांच्या पुढे गेला की सांगाडा उभा राहतो. त्याआधी गार हवा लागली की बुडबुडे आकसतात आणि वरचं छत खाली येतं. बेकिंग पावडरचा जोर तोवर बराचसा संपलेला असतो, त्यामुळे दार लावून घेतलं तरी केक पुन्हा वर येत नाही. आमचा डोळ्यांदेखत खाली गेला. धाकट्यानं हेही भिंतीला सांगितलं.

मामा वाकून बघत म्हणाले, “पावडर जास्त झालेली दिसतेय.”

आणि संताप याचाच येतो की हे कारण खोटं नाही! बेकिंग पावडर जास्त झाली तर केक झपाट्यानं फुगून खचतोच. ओव्हन कमी तापला तर खचतो, कच्चा काढला तरी खचतो. मामांनी नेमकं असं कारण निवडलं होतं की ऐकणाऱ्याला ते अभ्यासू वाटावं.

“दीड चमचा,” कन्या म्हणाली. “मी सुरीनं सपाट केला होता.”

साक्ष स्पष्ट होती, पण त्या साक्षीदाराला फोन करता येत नाही आणि मामांना येतो. संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे.

खचलेला केक फेकायचा नसतो. मधोमध टूथपिक घालून ती कोरडी निघेपर्यंत भाजायचा, टिनमध्येच दहा मिनिटं ठेवायचा, मग उलटा काढून पूर्ण निववायचा. मधला चिकट भाग वाटीच्या काठानं गोल कापून काढला की कडी उरते, तिच्यात फळं आणि फेटलेलं क्रीम भरायचं. मुलांना वाटतं तो असाच करायचा होता.

आणि घरात कुणी दार उघडणारं येणार असेल तर सरळ बिस्किटं करावीत. त्यांच्यात खचण्यासारखं काही नसतं. १०० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम लोणी, ३०० ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ. गोळा करून अर्धा तास फ्रिजमध्ये. मुलं लाटताना मध्ये जाड आणि कडेला पातळ लाटतात, मग कडा जळतात आणि मध्य कच्चा राहतो. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना पाच मिलिमीटर जाडीच्या दोन सपाट पट्ट्या ठेवून लाटणं त्यांच्यावरून फिरवू द्यावं, जाडी आपोआप सारखी येते. साचा दर वेळी मैद्यात बुडवायचा. उरलेल्या कडा पुन्हापुन्हा लाटल्या की त्या बिस्किटांना मैदा जास्त लागतो, ती टणक होतात. ती मोठ्यांना द्यावीत. १७० अंशांना १२ ते १५ मिनिटं, आणि शेवटची दोन मिनिटं समोरून हलायचं नाही. वर लावायची रंगीत साखर बरणीतून देऊ नये, वाटीत चिमूटभर द्यावी. बरणी दिली की एकाच बिस्किटावर सगळी जाते.

कृतींमध्ये ‘तयारीचा वेळ १५ मिनिटं’ लिहिणाऱ्यांनी ते कुणाबरोबर मोजलं हे एकदा जाहीर करावं. मुलं असतील तर तासभर लागतो, आवरायला तेवढाच वेगळा. त्यातही बाऊल आधी गार पाण्यात भिजवावेत, कारण गरम पाण्यानं अंडं आणि मैदा भांड्यालाच शिजून चिकटतात. मामांनी मदत म्हणून सगळी भांडी गरम पाण्याखाली धरली आणि दिवाणखान्यात निघून गेले. मी घासत असताना बाहेरून “किती रमतात हो मुलं!” असं ऐकू येत होतं.

जाताना अर्धा केक डब्यात घालून घेऊन गेले. डबा अजून परत आलेला नाही.