पायाखालचा फ्रीज

गिटार हे विसराळू वाद्य आहे, आणि माझं तिच्याशी इतकी वर्षं टिकलं ते त्यामुळेच. तार छेडली की पहिल्या क्षणी जो काय आवाज व्हायचा तो होतो, आणि लगेच विरायला लागतो. चुकीची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा जुडगा, धरली तरी थोड्या वेळात तिचा मागमूस राहत नाही. ऐकणारा ‘हे काय वाजलं?’ असं म्हणेपर्यंत मी पुढच्या चुकीवर पोचलेला असतो. व्हायोलिनवाल्याकडे गज असतो, हार्मोनियमवाल्याकडे भाता. ते सूर हवा तेवढा लांबवतात, म्हणजे बेसूरही हवा तेवढा लांबवू शकतात. गिटारवाल्याची त्या पापातून जन्मतःच सुटका झालेली असते.

पण सुटका मानवली तर तो माणूस कसला! मला आस, म्हणजे सुराचा टिकून राहणारा घुमारा, हवी होती. मागे तंबोऱ्यासारखी एखादी कॉर्ड अखंड घुमत राहावी आणि आपण त्यावर डोळे मिटून काहीतरी संथ, खोल वगैरे वाजवावं, असं चित्र बरीच वर्षं मनात होतं. (डोळे मिटून वाजवणारे खरोखर चांगलं वाजवतात की डोळे मिटल्यामुळे तसं वाटतं, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.)

यावर जुने उपाय आहेत. अ‍ॅम्पचा आवाज एवढा वाढवायचा की त्या आवाजानेच तार पुन्हा थरथरत राहील. याला फीडबॅक म्हणतात. शेजारी दुसरं काहीतरी म्हणतात. दुसरा उपाय म्हणजे ई-बो. १९६९ साली ग्रेग हीट याने शोधलेलं हे छोटं यंत्र हातात धरून तारेवर न्यायचं. ते चुंबकीय क्षेत्राने तार हलती ठेवतं आणि सूर गजाने काढल्यासारखा लांबत जातो. पण एका वेळी एकच तार, आणि उजवा हात त्यातच अडकलेला. मला सहाही तारा हव्या होत्या आणि वर दोन्ही हात मोकळे. शरीरात शोधाशोध केली तेव्हा बेकार बसलेले असे पाय तेवढे सापडले.

२०१० साली न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीने ‘फ्रीज’ नावाचं पेडल, म्हणजे गिटारच्या आवाजावर काम करणारी पायाने दाबायची डबी, काढलं. वाजवलेल्या आवाजाचा एक क्षण गोठवायचा आणि तो धरून ठेवायचा, एवढंच त्याचं काम. माझ्याकडचं पेडल त्याच कुळातलं. कुणाचं ते सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. एक नॉब, एक खटका आणि पायाने दाबायचं एक बटण. एकच नॉब असलेल्या वस्तूत चुकायला वाव किती असणार, या हिशेबाने मी ते घेतलं.

घरी येताना आईला फोनवर म्हणालो, “फ्रीज घेतलाय.”

“अरे, आहे तो चांगला चालतोय की!”

“आई, हा छोटा आहे. पायाने चालवायचा.”

यावर तिने काही विचारलं नाही. माझ्या बाबतीतल्या बऱ्याच गोष्टी विचारणं तिने केव्हाच सोडून दिलंय.

आधी वाटलं होतं की हा प्रकार म्हणजे आवाजाचा एक तुकडा कापायचा आणि तोच पुन्हा पुन्हा वाजवायचा. तसं नुसतं केलं तर भलतंच होतं. पन्नास मिलिसेकंदांचा तुकडा सलग फिरवला की तो सेकंदाला वीस वेळा येतो, आणि कॉर्डऐवजी मोटार चालू झाल्यासारखी टर्रर्र ऐकू येते. म्हणून शहाणी पद्धत अशी की त्या क्षणात कोणकोणत्या कंप्रता किती प्रमाणात आहेत याची नोंद घ्यायची आणि त्या प्रमाणात त्या सतत पुरवत राहायच्या, शिवण न दिसेल अशा बेताने. ऐकताना गिटार ऑर्गनसारखी वाटायला लागते, कारण गिटारचं गिटारपण असतं ते मुख्यतः आघातात आणि विरण्यात, आणि नेमकं तेच दोन्ही आपण काढून टाकलेलं असतं.

पण हे झालं पेडलचं काम. माझं काम होतं योग्य क्षणी पाय दाबणं.

योग्य क्षण म्हणजे काय, तर तार छेडल्यानंतर जरासा पुढचा. छेडल्याबरोबर दाबलं तर पिक, म्हणजे तार छेडायची पट्टी, तारेवर आपटल्याचा खरखरीत ‘ट्रक्’ आत जातो आणि तोच पसरून बसतो. उशीर झाला तर कॉर्ड निघून गेलेली असते आणि मागे उरते ती पिकअपमधली, म्हणजे तारेचं थरथरणं विजेत बदलणाऱ्या भागातली, घरघर. आता माझी इतक्या वर्षांची सवय अशी की उजवा हात खाली येतो तेव्हा उजवा पाय ताल धरायला खाली येतो. एकदम, बरोबर. तालाबद्दल आयुष्यभर कुणी माझं कौतुक केलं नाही, पण पहिल्या आठवड्यात कळलं की मी ठार तालात आहे. प्रत्येक वेळी ‘ट्रक्’ अचूक सापडला.

मग पायाला मुद्दाम मागे राहायला शिकवलं. मनात ‘एक’ म्हणून हात आणि ‘आणि’ म्हणून पाय. हे मोजे घालून करायचं, कारण घरात बूट घालून आईसमोर वावरणं शक्य नव्हतं. मोज्याखाली ते गुळगुळीत धातूचं बटण नक्की कुठे आहे हे कळत नाही. अंगठ्याने चाचपडत राहायचं, सापडलं की तोल सावरायचा, आणि तोल सावरेपर्यंत कॉर्ड संपलेली. लांबून पाहणाऱ्याला वाटावं की हा माणूस गिटार वाजवता वाजवता पलंगाखालची चप्पल शोधतोय.

एका पियानो वाजवणाऱ्या मैत्रिणीला मोठ्या उत्साहाने हे सगळं दाखवलं. ती म्हणाली, “अरे, हे आमच्याकडे आहे. मधलं पेडल.” ग्रँड पियानोचं मधलं पेडल दाबलं की त्या क्षणी बोटांखाली असलेल्या पट्ट्यांचेच सूर धरले जातात, पुढे वाजवलेले मोकळे राहतात. १८४४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात बोआसेलो नावाच्या कारागिराने ती कल्पना दाखवली होती आणि १८७४ मध्ये स्टाइनवे या पियानो कंपनीने तिचं पेटंट घेतलं. म्हणजे माझ्या नव्या कोऱ्या चमत्काराला पावणेदोनशे वर्षं होत आली होती. “आणि आमचं पाय उचलला की बंद होतं,” ती जाता जाता म्हणाली. हे वाक्य मी तेव्हा मनावर घ्यायला हवं होतं.

कारण पेडलवरच्या खटक्याला तीन जागा आहेत. पहिल्या दोन सज्जन आहेत: पाय दाबलेला असेपर्यंत सूर राहतो, सोडला की एका जागेत तडक थांबतो, दुसरीत हळूहळू विरतो. तिसरी जागा म्हणजे लॅच. एकदा दाबलं की सूर पकडला, पाय खुशाल काढून घ्या, तो अखंड चालूच. पुन्हा दाबलं की जुना सोडून त्या क्षणी जे वाजत असेल ते पकडतो. आणि बंद करायचं तर लागोपाठ दोनदा, झटकन: टक्-टक्. या दोन ‘टक्’मधलं अंतर जरा वाढलं, की पेडलला वाटतं, साहेबांना नवीन काहीतरी पकडायचंय. दोनदा.

अर्थात मी लॅचवरच अडून बसलो. एका पायावर उभं राहून संथ, खोल वाजवता येत नाही.

आमच्या गटाच्या सरावाला एका गाण्याची सुरुवात मी मागून घेतली. मी ए मायनर ही कॉर्ड धरणार, गोठवणार, त्यावर दोन-चार सुटे सूर टाकणार, आणि मग बाकीचे येणार. सगळ्यांनी मान डोलावली. ए मायनर छान लागली. पाय मागे ठेवला. पण तेवढ्यात डावा हात उत्साहाने पुढच्या जागी सरकला, आणि जाड तारांवरून बोटं घसरताना जो ‘चुईं’ असा आवाज येतो, नेमका त्यावर पाय पडला.

एरवी तो आवाज कुणाच्या लक्षातही येत नाही. इतका छोटा असतो की गिटार ऐकणाऱ्यांचे कान तो आपोआप गाळून टाकतात. आता तो गाळता येईना. गंजलेल्या बिजागरीचं दार कुणीतरी उघडायला घ्यावं, मध्येच थांबावं, आणि करकर मात्र थांबू नये, तसा तो खोलीभर उभा राहिला.

“हे काय आहे?” गायिकेने विचारलं.

“वातावरण,” मी म्हणालो.

“वातावरण बिघडलंय,” ड्रमर म्हणाला.

मी टक्-टक् केलं. टक् आणि टक् यांच्यात माझ्या घाबरण्याएवढं अंतर पडलं. ‘चुईं’ गेलं आणि त्याच्या जागी घाईघाईत हाताचा धक्का लागलेल्या मोकळ्या तारा आल्या. पुन्हा टक्-टक्. आता तारांवर तळवा ठेवला होता, त्यामुळे काहीच वाजत नव्हतं, आणि मला वाटलं जिंकलो, कारण शांतता पकडली. पण माझ्या गिटारच्या पिकअपची शांतताही स्वच्छ नाही. तिच्यात विजेची बारीक घूं असते. ती आता अढळपदी बसली. शेवटी बासवाला शांतपणे वाकला आणि त्याने अडॅप्टरची वायर उपटली. हा उपाय पुस्तिकेत नाही, पण त्याच्याइतका खात्रीचा दुसरा मला अजून मिळालेला नाही.

सुरांचं दुखणं याहून खोल निघालं. तार जोरात छेडली की ती पहिल्या क्षणी जास्त ताणली जाते आणि सूर किंचित चढा लागतो, मग उतरून जागेवर बसतो. एरवी हे इतक्या लवकर होतं की आपण जागेवर बसलेला सूरच खरा धरतो. गोठवला मात्र चढलेला. त्या ११० हर्ट्‌झच्या ए या सुराऐवजी १११ चा ए मागे अखंड उभा, आणि मी त्यावर ११० चा शहाणा ए वाजवतोय. मग सेकंदाला एक अशी लाट येत राहते: वाँ, वाँ, वाँ. मला वाटलं गिटार उतरली. मी खुंटी पिळून ती त्या गोठलेल्या कॉर्डशी जुळवली. बासवाल्याने मला विचारून त्याची जुळवली. गायिकेने नकार दिला. अर्ध्या तासाने सूर मोजणारा ट्यूनर लावून पाहिला तेव्हा कळलं, की आम्ही दोघांनी मिळून माझ्या एका जोरकस फटक्याला प्रमाण मानलं होतं.

घरी आईचा वेगळाच आक्षेप. ती लहानपणी बरीच वर्षं गाणं शिकलेली, त्यामुळे तिच्या कानाला काही चालत नाही. एका संध्याकाळी मी मोठ्या मेहनतीने, बेताच्या जोराने छेडून ई मेजर पकडली आणि ती खोलीत भरून राहिली. आई दारात येऊन उभी राहिली.

“गांधार चढलाय.”

“आई, ट्यूनरवर बरोबर आहे.”

“असेल. चढलाय.”

आणि तिचं खरं होतं. गिटारच्या पट्ट्या समान अंतरांच्या सप्तकावर ठोकलेल्या असतात, आणि त्या हिशेबात हा गांधार शुद्ध गांधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा पडतो. कॉर्ड येऊन गेली की कान माफ करतो. समोर मुक्कामच ठोकला की करत नाही. मी तिला समजावलं, “सगळ्याच गिटारींचा तसाच असतो.”

“मग सगळ्यांनीच दुरुस्त करून घ्यावा,” म्हणाली, आणि गेली.

या पेडलच्या पुढे डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज खरखरीत करणारं पेडल, लावून पाहिलं का, असं कुणी विचारेल. पाहिलं. गोठलेली कॉर्ड आणि वरचे सूर एकाच वेळी त्यात शिरले आणि बाहेर चिखल आला. आता डिस्टॉर्शन आधी, मग फ्रीज, आणि शेवटी आवाजाला घुमाव देणारं रिव्हर्ब. विषय संपला.

गेल्या आठवड्यात मात्र एकदा जमलं. रात्र झाली होती, आवाज अगदी बारीक ठेवला होता. मोकळ्या तारा मिसळलेली एक साधीच कॉर्ड, हलक्या हाताने छेडलेली; पाय नेमका मागे राहिला, बोटं जागची हलली नाहीत, खरखर नाही, लाट नाही. ती नुसती असल्यासारखी होती. सुरुवात नाही, शेवट नाही. मी तिच्यावर काहीच वाजवलं नाही. वाजवलं की बिघडणार, एवढी अक्कल आता आली होती. गिटार मांडीवर आडवी ठेवून किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक.

मग झोपायचं म्हणून टक्-टक् केलं. कॉर्ड गेली. पण खाली कुठेतरी एक घुमारा उरला. पुन्हा टक्-टक्. तो तसाच. नॉब शून्यावर आणला, केबल काढली, अडॅप्टर उपटला, अ‍ॅम्प बंद केला. घुमारा चालूच, जी-च्या जवळपास, थोडा चढा. अंधारात मी गुडघ्यांवर बसून पेडल कानाला लावलं.

दिवा लागला. “काय करतोयस?”

“आई, हा सूर जातच नाहीये.”

तिने क्षणभर कान दिला. मग स्वयंपाकघरात गेली. धप्प असा आवाज झाला, काहीतरी शहारल्यासारखं थरथरलं, आणि घर एकदम गप्प झालं.

“याला एकदाच मारायचं असतं,” ती तिकडूनच म्हणाली.