आजोबांना विचारलं होतं, तुम्हाला नाही

आत्ताच दवाखान्यातून आलेय आणि डोकं अजून तापलेलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार, ज्यांना वेळ नाही त्यांनी सरळ पुढे सरका.

माझ्या बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायला नंबर लावून बसले होते. शेजारी एक आजोबा, पंच्याहत्तरीच्या पुढचे, इस्त्रीचा शर्ट, गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं, आणि सोबत मुलगा. सिस्टर फॉर्म घेऊन आली, आजोबांना विचारलं, सकाळी कुठल्या गोळ्या घेता? आजोबांनी तोंड उघडलं, थांबले आणि मान वळवून मुलाकडे बघितलं. मुलाने मोबाईलमधून डोकं वर न काढता धडाधड तीन नावं सांगितली. झोप लागते का? परत मान मुलाकडे. "लागते लागते." विसरायला होतं का? यावर मुलगा हसला, म्हणतो कसा, "अहो सिस्टर, साठी बुद्धी नाठी, यांची तर पंच्याहत्तरी झाली, चालायचंच!" सिस्टर हसली, समोरच्या दोघीजणी हसल्या आणि आजोबाही हसले. सगळ्यांच्या मागून, जरा उशिरा. काय बोलणं चाललंय ते कळलं नाही की माणूस असंच हसतो. मी ते हसू दोन वर्षं घरात बघितलंय.

मी वाकून बघितलं, विसरण्याच्या रकान्यात तिने "नाही" लिहिलं होतं. झालं, संपला विषय!

मी काहीच बोलले नाही, हेही सांगून टाकते. कारण त्या मुलाच्या जागी मीच होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माझी आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. शेकड्यांनी नंबर तोंडपाठ. आम्ही लहानपणी कुणाचंही नाव घ्यायचो आणि ती नंबर म्हणून दाखवायची, डायरीत बघून आम्ही तपासायचो आणि हरायचो. तर या बाईने एक दिवस लाईटचं बिल दोनदा भरलं. मग शब्दकोडं सोडवायचं बंद केलं, म्हणे कंटाळा येतो. मग फोनवर बोलणं कमी झालं. "बाकी सगळं ठीक?" "हो हो, बाकी सगळं ठीक." एवढ्यावर फोन ठेवायची. आणि आम्ही काय केलं? तिच्या वतीने बोलायला लागलो. पाहुण्यांनी विचारलं की दादा उत्तर देणार, बँकेत मी देणार, वहिनी तर आई अडखळायच्या आधीच शब्द पुरवायची. आम्हाला वाटत होतं आपण केवढं सांभाळून घेतोय.

शेवटी डॉक्टरकडे नेलं ते गुडघ्यासाठी. त्यांनी गप्पा मारता मारता विचारलं, आज सकाळी काय काय केलंत? आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. आणि मी लागलीच सुरू, "आज ना आम्ही लवकर उठलो, मग..." डॉक्टरांनी हात वर केला. "ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

इतका राग आला होता मला! बाहेरच्या बाकावर मी फुगून बसले होते, म्हणलं आईची सगळी फाईल मी सांभाळते आणि हे मलाच बाहेर काढतात. नंतर त्यांनी समजावलं की साध्या प्रश्नाला पेशंटने उत्तरासाठी सोबतच्या माणसाकडे मान वळवणं याला त्यांच्या भाषेत चक्क नाव आहे, हेड टर्निंग साइन. त्यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरचे कान टवकारतात. म्हणजे आम्ही दोन वर्षं जे रोज बघत होतो ती खूण होती आणि आम्ही तिच्यावर पांघरूण घालत होतो.

आत जे झालं ते दहा मिनिटांचं काम होतं, खरं सांगते. तीन शब्द सांगितले, लक्षात ठेवा म्हणाले. मग कागदावर गोल काढून घड्याळ करायला सांगितलं, काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर. त्यात गंमत अशी की दहा मिनिटं म्हणजे काटा दोनवर न्यायचा, तर "दहा" हा शब्दच माणसाला दहाच्या आकड्याकडे ओढतो. मग परत ते तीन शब्द विचारले. याला मिनी-कॉग म्हणतात. जरा मोठी परीक्षा मोका नावाची, ३० मार्कांची, २६ च्या खाली गेलं की आणखी तपासायचं. सुई नाही, मशीन नाही, उपाशीपोटी यायची भानगड नाही. आणि यासाठी आम्ही दोन वर्षं घालवली.

मला नंतर आत बोलावलं तेव्हा तो कागद टेबलावरच होता. गोल सुंदर काढला होता, आकडे बाराच्या बारा जागच्या जागी. एक काटा अकरावर, एक दहावर. आणि मी बघतेय हे कळल्यावर आईने त्यावर तळहात ठेवला. हळूच. शाळेत पोरं पेपर झाकतात ना, तसा.

तो हात मला अजून दिसतो.

असो. आता कमेंटमध्ये काय काय येणार ते मला माहितीये, म्हणून आधीच सांगते. "अहो, इलाज नाही तर कळून उपयोग काय?" हे वाक्य मी एवढ्या वेळा ऐकलंय की कान किटले. पहिली गोष्ट, विसरणं म्हणजे अल्झायमरच असं कोणी सांगितलं तुम्हाला? आईच्या रक्तात बी-१२ व्हिटॅमिन तळाला गेलं होतं. थायरॉईड बिघडला असता तरी असंच दिसतं. डिप्रेशनमध्ये असंच दिसतं. म्हाताऱ्या माणसाला लघवीचं इन्फेक्शन झालं तर दोन दिवसांत माणूस भ्रमिष्टासारखा बोलायला लागतो, डोक्याला मार लागून आत रक्त साकळलं तरी वागणं बदलतं. आणि गोळ्या! आई झोप यावी म्हणून रोज रात्री सर्दीची एक जुनी गोळी घ्यायची, कित्येक वर्षं, कुणी दिली तेही आठवत नाही, आणि त्या जातीच्या गोळ्या उतारवयात मेंदूवर झापड आणतात हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि कान. कान तपासले तर एकात मळाचा गोळा आणि दोन्हींत ऐकू येणं बरंच कमी. म्हणजे आम्ही ज्याला "विसरली" म्हणत होतो त्यातलं कितीतरी तिने ऐकलंच नव्हतं! जे कानातून आत गेलंच नाही ते ती आठवणार कुठून?

बी-१२ ची इंजेक्शनं झाली, ती गोळी बंद केली, कानाचं मशीन आलं (त्यासाठी झालेली भांडणं हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे). आई सुधारली. पूर्ण नाही. खोटं कशाला सांगू, उरलेलं जे आहे ते आहेच आणि ते हळूहळू वाढतंय, डॉक्टरांनी अल्झायमरची सुरुवात म्हणूनच सांगितलंय. पण मधली जी दोन वर्षं ती विनाकारण जास्त धुक्यात होती ती आमच्यामुळे होती. ती आम्हाला कोण परत देणार?

बरं, मान्य, प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला धरून परीक्षेला बसवा असं मोठमोठे तज्ज्ञही म्हणत नाहीत, अमेरिकेतल्या अशा एका समितीने २०२० मध्ये लिहिलंय की कसलीच तक्रार नसलेल्या सगळ्यांची सरसकट तपासणी करावी की नाही हे ठरवायला पुरावा पुरेसा नाही. असेल. पण मी तक्रार नसलेल्यांबद्दल बोलतच नाहीये, मी बोलतेय ज्यांची तक्रार डोळ्यासमोर दिसतेय आणि आपण हसून घालवतोय त्यांच्याबद्दल.

आणि हेही मान्य की त्या मार्कांवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. शाळा कमी झालेली असली की मार्क कमी पडतात, मोकामध्ये तर बारावी किंवा त्याहून कमी शिकलेल्याला एक मार्क जास्तीचा देतात. चष्मा घरी राहिला, मशीन कानात नाही, घाबरून गेलं, सगळ्याने फरक पडतो. थोडं घसरलेल्या सगळ्यांना पुढे डिमेन्शियाच (स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्यातलाच एक) होतो असंही नाही, काहीजण परत नॉर्मलला येतात. चाळणी आहे ती, निकाल नव्हे. आणि नातेवाइकांचं ऐकूच नये असंही म्हणत नाहीये, ते तर डॉक्टरला लागतंच, बिल दोनदा भरलं हे आईने थोडंच सांगितलं असतं. पण आधी पेशंटला बोलू दे की!

अल्झायमरच्या औषधांचं म्हणाल तर अमेरिकेत लेकॅनेमॅबला २०२३ मध्ये आणि डोनानेमॅबला २०२४ मध्ये मंजुरी मिळालीये. जादू नाहीये, रोग मागे फिरत नाही, घसरण थोडी हळू होते, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव व्हायचा धोका असतो म्हणून सारखे एमआरआय. आणि ती चालतात फक्त सुरुवातीच्या टप्प्यात. सुरुवातीच्या. जी सुरुवात आपण "चालायचंच" म्हणण्यात घालवतो.

दुसरी मंडळी सुडोकूवाली. रोज एक सुडोकू सोडवा, मेंदू तल्लख. अरे बाबांनो, सोडवा, आनंदाने सोडवा, पण बीपी तपासलंय का? लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या २०२४ च्या अहवालात १४ गोष्टी दिल्यात आणि त्या सगळ्या सांभाळल्या तर जगातल्या डिमेन्शियाच्या जवळजवळ ४५ टक्के केसेस टाळता किंवा लांबवता येतील असा त्यांचा हिशोब आहे. त्यात बीपी आहे, डायबिटीस आहे, सिगारेट, दारू, कोलेस्टेरॉल, कान, डोळे, हालचाल नसणं, एकटं पडणं, हवेचं प्रदूषणसुद्धा. आणि यातल्या बऱ्याच गोष्टी ऐंशीला नाही, चाळिशी-पन्नाशीतच बघायच्या असतात, म्हणजे हे वाचणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी. मी बीपीची गोळी आठवड्यातून दोनदा विसरते, हे लिहिताना लाज वाटतेय.

एकटं पडणं यावरून आठवलं. आई कार्यक्रमांना जायची बंद झाली तेव्हा आम्ही म्हणलं, बरंय, दगदग नको. तिला माणसं नको झाली नव्हती हो. नावं आठवत नव्हती, आणि आयुष्यभर नावावरून नंबर सांगणाऱ्या बाईला "तुम्ही कोण?" विचारायचं कसं?

मागच्या महिन्यात तिचं कपाट आवरताना डायरी सापडली, आम्ही जिच्यात बघून तिला तपासायचो तीच. मागच्या कोऱ्या पानांवर माझा नंबर लिहिलेला. पुढच्या पानावर परत. एकूण चार पानांवर, वर "मुलीचा नंबर", खाली दोन रेघा. पहिल्या पानावर तारीख होती, आम्हाला पहिली शंका यायच्या आधीची. म्हणजे तिला आमच्या आधी कळलं होतं. कळलं होतं आणि ती एकटीच त्याच्याशी झटत होती, कुणाला न सांगता, कारण सांगितलं असतं तर आम्ही काय म्हणालो असतो? साठी बुद्धी नाठी.

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रेगन, त्यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या हाताने पत्र लिहून सगळ्या देशाला सांगितलं की मला अल्झायमर झालाय. आम्ही अजून मामांना सांगितलेलं नाही. आता ही पोस्ट वाचून कळेलच. (आईला विचारून लिहितेय. म्हणाली, लिही, पण मला नंबर पाठ असायचे तेही लिही.)

दवाखान्यातल्या त्या मुलाला मी मनात उगाच शिव्या घातल्या बहुतेक. ऑफिस बुडवून आला असेल बिचारा. वडलांच्या तिन्ही गोळ्यांची नावं पाठ होती त्याला, किती मुलांना असतात? त्याला फक्त कुणीतरी बाहेर बसवायला हवं होतं, मला बसवलं तसं. मी उठून एवढंच म्हणायला हवं होतं की आजोबा, तुम्ही सांगा. पण मी ते म्हटलं नाही.

घरी आले तर आई खुर्चीत, वहिनी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती. मी विचारलं, आई, आज कुणाचा फोन आला होता? तिने मान वळवून वहिनीकडे बघितलं. वहिनीने तोंड उघडलं, मी बोट ओठांवर ठेवलं. मग आम्ही दोघी गप्प. फार वेळ गेला असं वाटलं, मिनिटही झालं नसेल. मला दोनदा वाटलं, सांगून टाकावं, कशाला छळायचं. आईने मशीनला हात लावून बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"तूच तर केला होतास," म्हणाली, "मागे कसला तरी गलका चालला होता. लाइन साफ नव्हती."