चेंडूवर आडवे व्हा, बाकीचं पंच बघून घेतील

हॉकीत गोलकीपर व्हायचंय? मग मैदानावर कशाला येता, मोबाईल उघडा. कॅनडा-अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या रील बघा. काळी चकती बर्फावरून घसरत येते, गोली तिच्यावर ग्लोव्ह ठेवतो, शिट्टी वाजते, सगळं शांत. आता हेच नांदेड, परभणी, जालन्याच्या मुरमावर करायचं. त्यांची चकती 156 ते 170 ग्रॅमची, आपला चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा. वजन सारखं म्हटल्यावर नियम वेगळा कशाला असेल! परवा एका जिल्हा स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात गोली असाच चेंडूवर पालथा झाला. पंचांनी फ्री हिट दिली, तीही त्यालाच. कोचनी टाळ्या वाजवल्या. असली विद्या एकाच जिल्ह्यात अडकून राहू नये, म्हणून हा प्रपंच.

रील अर्धवटच बघा. पुढचं बघितलं तर कळेल की बर्फावरसुद्धा वाटेल तिथं चकती दाबता येत नाही. चकती गोलरेषेच्या मागं आणि गोलीचं अख्खं अंग गोलसमोरच्या त्या निळ्या क्रीजच्या बाहेर असताना तो मुद्दाम तिच्यावर पडला, की दोन मिनिटांची शिक्षा, आणि ती भोगायला त्याच्याऐवजी टीममधला दुसरा गडी बाहेर बसतो. जवळपास कोणी प्रतिस्पर्धी नसताना उगाच चकती धरून खेळ थांबवला तर क्रीजमध्येही तीच गत. पुढं येऊन कोन कमी करायचा, शॉट अडवायचा आणि मग चकती झाकायची, हे चालतं. एनएचएल या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये तर 2005-06 च्या हंगामापासून गोलमागं एक चौकट आखलेली असते. गोलरेषेमागं त्या चौकटीबाहेर गोलीनं चकतीला हातही लावायचा नाही. हे असलं रीलमध्ये नसतं, तेव्हा सोडून द्या.

आता आपल्या मुरमावर या. काठी फेकून द्या, दोन्ही हात मोकळे होतात. (पाय, पॅड, अंग वापरायची सवलत काठी हातात असेल तरच असते, पण विचारतो कोण?)

डी, म्हणजे गोलसमोरचं ते अर्धगोल, आखताना गोलच्या मधोमध खिळा ठोका आणि 14.63 मीटरची दोरी गरागरा फिरवा. सुबक अर्धवर्तुळ होतं, फोटोही छान येतो. दोन्ही खांबांपासून वेगवेगळे चतुर्थांश काढून ते 3.66 मीटरच्या सरळ रेषेनं जोडायचे असतात, ही भानगड अनुदान मिळालेल्यांनी करावी. तुमच्या डीची दोन्ही टोकं बॅकलाइनवर (गोल असतो त्या टोकाच्या रेषेवर) 1.83 मीटर आत येतील, एवढंच. म्हणजे कोपऱ्यातल्या ज्या चेंडूला गोलीनं नियमानुसार पाय लावला, तो तुमच्या मैदानावर फाऊल. रेषा डीचाच भाग असते, चेंडू रेषेवर म्हणजे चेंडू आत. पण फक्की एकदाच मारायची, दुसऱ्या क्वार्टरपर्यंत पॅडनं घासून ती गेली की ज्याचा आवाज मोठा त्याची डी.

चेंडू डीबाहेर असला तरी किकर (गोलीच्या पायातलं जाड पॅड) हाणा. बर्फावर गोलीचं अंग कुठं आहे ते बघतात, आपल्याकडं चेंडू कुठं आहे ते. गोली बाहेर आणि चेंडू आत, तर पाय चालतो. गोली आत आणि चेंडू रेषेच्या पूर्ण बाहेर, तर फक्त काठी. चुकून पाय लागला तर समोरच्यांना फ्री हिट, आणि बॅकलाइनपासून 23 मीटरच्या आत मुद्दाम लावला तर पेनल्टी कॉर्नर. एकटा फॉरवर्ड सुटून आला की गोलीनं डीच्या रेषेआधी दोन पावलं ठरवायचं असतं, आत थांबून अंग टाकायचं की बाहेर जाऊन काठीनंच टॅकल करायचं. आपले गोली आत ठरवतात, घसरत बाहेर पोचतात आणि चेंडूऐवजी माणूस पाडतात. मग पिवळं कार्ड, किमान पाच मिनिटं. दुसरा गोली उतरवता येतो, एक मैदानी खेळाडू कमी करून. पण दुसरा गोली कुठाय? संस्थेत किट एक, तेही शेजारच्या शाळेकडून मागून आणलेलं. साध्या खेळाडूला गोलीची सवलत देऊन उभं करायची सोय तर 2019 पासून बंदच आहे.

शूटआउटमध्ये एकटा फॉरवर्ड समोर येतो, त्याचे आठ सेकंद नुसते पाय धरून ठेवा. मुद्दाम केलंत तर पेनल्टी स्ट्रोक मिळेल, तुम्हाला नव्हे.

आता मुख्य विद्या. चेंडू डीत आला, गर्दी झाली, की त्याच्यावर पोट टेकवा आणि कासवासारखे पडून राहा. फॉरवर्ड काठ्या घालतील, घालू द्या. धूळ उडेल, कोणाला काही दिसणार नाही. एक पंच सेंटरला उभा, दुसरा त्याच्याहून लांब, कारण बॅकलाइनजवळ यायचं तर उन्हात पळावं लागतं. शेवटी कंटाळून शिट्टी वाजते आणि बचाव करणाऱ्यांना फ्री हिट मिळते. कशाबद्दल? झोपल्याबद्दल! अहो, नियम 10 मध्ये सरळ लिहिलंय, गोलकीपरनं चेंडूवर पडून राहायचं नाही. डीत नाही, डीबाहेर नाही. पडणं गुन्हा नाही. आडवं पडून अडवा, छातीवर घ्या, पॅडला लागून बॅकलाइनबाहेर जाऊ द्या, सगळं चालतं. गुन्हा आहे तो चेंडू अंगाखाली दाबून दुसऱ्याला खेळू न देणं. त्याला पेनल्टी कॉर्नर, आणि होणारा गोल त्यामुळं अडला असेल तर पेनल्टी स्ट्रोक. चेंडू आणि डी, पोट आणि चेंडू, एवढं दोनच तर लक्षात ठेवायचंय! टोकियो ऑलिम्पिकमध्ये जर्मनीविरुद्ध 5-4 असताना शेवटच्या सेकंदांतला पेनल्टी कॉर्नर भारताचा गोली श्रीजेशनं अडवला, तेव्हा तो चेंडूवर झोपला नव्हता, चेंडू बाजूला काढला होता.

बस झाली थट्टा. पोरांना काय बोलायचं? चेंडू अंगाखाली आला तर चेंडूपासून उलट्या बाजूला लोळायचं, काठी जमिनीला सपाट लावून चेंडू बाजूच्या मोकळ्या जागेत ढकलायचा, समोर नाही, मग उठायचं. हे रोज वीस वेळा करून घेतलं तर महिन्यात अंगवळणी पडतं. त्याला ना टर्फ लागतं, ना टँकर. करून घेणारा माणूस लागतो, आणि तो तिकडं पाहुण्यांच्या सत्काराच्या शाली मोजत असतो.

पंचसाहेब, जागतिक हॉकी महासंघाचं नियमपुस्तक इंटरनेटवर फुकट आहे. मानधनाच्या पावतीवर सही करायला जेवढा वेळ लागतो, त्याहून थोड्याच वेळात नियम 10 वाचून होतो. वाचला नसेल तर गळ्यात शिट्टी घालू नका. आणि कोच महाशय, तुमचा गोली चुकीच्या फ्री हिटवर वाचला तेव्हा टाळ्या वाजवायच्या नसतात. हाच पोरगा उद्या राज्य स्पर्धेला जाईल, पहिल्याच गर्दीत चेंडूवर पडेल, तिथला पंच पेनल्टी कॉर्नर देईल, दुसऱ्या वेळी स्ट्रोक. तेव्हा मराठवाड्यावर अन्याय झाला म्हणून बोंबलत येऊ नका. पोराला खोटा नियम तुम्हीच शिकवलाय.