शिंपल्याला तापमान कसं कळतं? एका फॉरवर्डला उत्तर

‘शास्त्रज्ञांचा पर्दाफाश’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या आमच्याकडच्या ग्रुपांवर जोरात फिरतोय. मला तो तीन दिवसांत चौघांनी पाठवला. चौथे माझे मामा, लातूर जिल्ह्यात कोरडवाहू शेती करणारे. खाली त्यांनी स्वतः लिहिलं होतं, ‘खरं हाय का रं हे? तू कॉलेजात केमिस्ट्री शिकवतूस म्हणून इचारलो.’

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. थर्मामीटर येऊन चारशे वर्षं झाली, तेव्हा लाखो वर्षांपूर्वीच्या समुद्राचं तापमान शिंपल्यावरून सांगणं म्हणजे पोपटवाल्याचं भविष्य. १९६७ मध्ये शास्त्रज्ञांनीच चूक कबूल केली. जुना शिंपला बदलून जातो, त्याचा भरवसा नाही. मराठवाड्यात विहिरीत शंख निघतात म्हणजे इथं समुद्र होता, पण ते दडवतात. आणि शेवटी, आम्हा दुष्काळी लोकांना समुद्राच्या शिंपल्याचं काय कौतुक?

‘तेव्हा थर्मामीटर कुठं होता?’

पाऱ्याला तरी तापमान कुठं कळतं? तो नुसता फुगतो. किती फुगला म्हणजे किती अंश, हे माणसानं तो बर्फात आणि उकळत्या पाण्यात धरून ठरवलं आणि काचेवर रेघा मारल्या. शिंपल्यावरही अशाच रेघा मारलेल्या आहेत.

शिंपल्यातला जीव पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन कवचावर थर चढवत राहतो. कार्बोनेटमध्ये ऑक्सिजन असतो. तो बहुतेक सगळा १६ वजनाचा, आणि हजारात जेमतेम दोन अणू १८ वजनाचे. पाणी जितकं थंड, तितका हा जड ऑक्सिजन कवचात किंचित जास्त बसतो. चार-सव्वाचार अंशांनी पाणी थंड झालं तर त्याचं प्रमाण आधी होतं त्याच्या हजाराव्या भागानं वाढतं. फरक बारीक आहे, पण मास स्पेक्ट्रोमीटर (अणू वजनानुसार वेगळे करून मोजणारं यंत्र) तो बिनचूक धरतो.

हे होणार असं अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड युरी यांनी १९४७ मध्ये गणितानं दाखवलं. पण गणितावर कुणी थांबलं नाही. त्यांच्या गटातल्या सॅम्युएल एपस्टाइन आणि सहकाऱ्यांनी जिवंत प्राण्यांच्या कवचाला भोकं पाडली, त्यांना ठरावीक तापमानाच्या पाण्यात ठेवलं, आणि भोक बुजवायला त्यांनी जे नवं कवच चढवलं तेवढंच तपासलं. पाणी किती अंशाचं होतं ते माहीत, कवचात काय उतरलं तेही माहीत. १९५३ चं ते सूत्र म्हणजेच शिंपल्यावरच्या रेघा. मला स्वतःला हा प्रयोग फार आवडतो. वर्गात सांगितला की शेवटच्या बाकावरचंही पोरगं मान वर करतं.

याच गटानं १९५१ मध्ये स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचा एक ज्युरासिक बेलेम्नाइट तपासला होता. बेलेम्नाइट म्हणजे माकुळाच्या लांबच्या भाऊबंदाचं आतलं कठीण कवच. ते आतून बाहेर थराथरानं खरवडलं, तर तापमान वर-खाली होत गेलेलं दिसलं: तीन उन्हाळे, चार हिवाळे, आणि मरण वसंतात. पंधरा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या एका प्राण्याचं हे आयुष्य. पोपटवाल्यानं एवढं काढून दाखवावं.

‘१९६७ मध्ये चूक कबूल केली’

सगळ्या मेसेजमध्ये हीच ओळ जरा अभ्यास करून लिहिलेली दिसते. तिच्यात अर्धं खरं आहे, म्हणून इथं थोडं थांबतो.

शिंपला पाण्यातूनच ऑक्सिजन घेतो. मग पाणीच जड असेल, म्हणजे त्यातच जड ऑक्सिजन जास्त असेल तर? खळ्यावर उफणताना भूस वाऱ्यावर जातं आणि दाणा पायाशी पडतो, तसं समुद्रावरून हलकं पाणी वाफ होऊन सहज उडतं आणि जड मागं राहतं. एरवी ते हलकं पाणी पावसातून, नद्यांतून समुद्रात परत येतं. हिमयुगात मात्र ते ध्रुवांकडं बर्फ होऊन अडकून पडलं. सुमारे २१,००० वर्षांपूर्वी एवढा बर्फ साठला होता की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरहून खाली होती. उरलेलं पाणी हजारात साधारण एका भागानं जड झालं होतं. म्हणजे तापमान तसूभर बदललं नसतं तरी शिंपल्यानं चार अंशांची थंडी दाखवली असती.

चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये समुद्रतळाच्या गाळातल्या फोरॅमिनिफेरांवरून (वाळूच्या कणाएवढे कवचधारी एकपेशीय जीव) हिमयुगांचा आलेख काढला, आणि त्यातले बहुतेक चढउतार तापमानाचे मानले. निकोलस शॅकलटन यांनी १९६७ मध्ये खोल तळावर राहणारे फोरॅमिनिफेरा तपासले. तिथलं पाणी आजच इतकं गार आहे की अजून फारसं गार व्हायला वावच नाही. तरी बदल तेवढाच दिसला. म्हणजे बहुतांश बदल बर्फाचा होता. एमिलियानींच्या आलेखातला चढउतार खोटा ठरला नाही, त्याचा अर्थ बदलला. शिवाय समुद्रतळाच्या चिखलातून जगातला एकूण बर्फ मोजायची सोय झाली, ती वेगळीच.

मग तापमान वेगळं कसं काढायचं? एक वाट मॅग्नेशियमची. फोरॅमिनिफेराच्या कवचात कॅल्शियमच्या तुलनेत मॅग्नेशियम दर अंशाला सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतं, आणि त्याला बर्फाशी काही देणंघेणं नाही. दुसरी वाट २००६ ची. जड कार्बन आणि जड ऑक्सिजन एकमेकांना किती वेळा चिकटलेत ते मोजायचं. गारव्यात ते जास्त चिकटतात, पाणी जड असो वा हलकं. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक प्रसेनजित घोष, पुढं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आलेले. तीन वाटांनी एकच उत्तर आलं तर ते धरायचं, नाही आलं तर कुठं चुकलं ते शोधायचं.

‘जुना शिंपला बदलतो’

बदलतोच. बऱ्याच शिंपल्यांचं कवच अरॅगोनाइट या खनिजाचं असतं, आणि काळ लोटला की त्याचं कॅल्साइट होतं. एक्स-रेखाली ते लगेच उघडं पडतं. असा नमुना बाजूला काढतात.

‘आम्हाला काय कौतुक?’

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या लातूरच्या माणसानं हे विचारावं, याचं मला वाईट वाटलं. आपला पाऊस अरबी समुद्रावरून येतो. मोसमी वारे जोरात वाहिले की ओमानच्या किनाऱ्यालगत वरचं पाणी बाजूला सारलं जातं आणि खालचं गार, खाद्यानं भरलेलं पाणी वर येतं. त्यात ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नावाचा फोरॅमिनिफेरा माजतो. गाळाच्या ज्या थरात त्याची कवचं जास्त, त्या काळी वारा जोरकस. अनिल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशी सुमारे ११,००० वर्षांची नोंद मांडली: उत्तर अटलांटिक गारठला की आपला मोसमी वारा मंदावलेला.

वारा म्हणजे पाऊस नव्हे, हे कबूल. पण आपल्या वेशीजवळच्या लोणार सरोवराच्या गाळात, पाणी आटून फार खारट झाल्यावरच तयार होणारं एक खनिज सापडलंय, आणि ते सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीच्या थरात आहे. सातशे वर्षं अशी गेली. आपण १९७२ ची आठवण काढून हळहळतो.

‘विहिरीत शंख, म्हणजे समुद्र’

हा मुद्दा मुद्दाम शेवटी ठेवला, कारण यात मामा गुंतलेत. त्यांनी फोटो पाठवला: विहिरीचं काम करताना दोन काळ्या खडकांच्या मधल्या थरातून निघालेला, बोटाच्या पेराएवढा शंख.

आपल्या पायाखालचा काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो एका दमात आला नाही. दोन लोटांमध्ये मोठा खंड पडायचा, त्यात तळी साचायची, त्यात गोगलगायी वाढायच्या, आणि पुढचा लोट त्यांना झाकून टाकायचा. दख्खनच्या आतल्या भागात अशा थरांत सापडणारे शंख बहुतेक गोड्या पाण्यातल्या फायसासारख्या गोगलगायींचे असतात. दडवण्याचं म्हणाल, तर त्यांच्यावर एकोणिसाव्या शतकापासून लिहिलं जातंय.

मामांना म्हटलं, शंखावर लिंबू पिळा, आणि बांधावरच्या चुनखडीच्या खड्यावरही पिळा. संध्याकाळी फोन आला.

“खडा फसफसलाय. शंखाला काईच झालं नाही.”

म्हणजे मूळ कवच कधीच विरघळून गेलं होतं, जागेवर गारगोटीच्या जातीची सिलिका भरली होती. आकार राहिला, कार्बोनेट गेलं.

“मग ह्याला तापमान इचारता येत नाही म्हण की.”

“नाही येत, मामा.”

“आन् इथं समुद्र नव्हता?”

मी म्हटलं, तुमच्या देवघरात तुळजाभवानीची कवड्यांची माळ आहे, कवडी तर समुद्रातलीच, म्हणून घरात समुद्र होता का? मामा खळखळून हसले. शंख आता त्या माळेशेजारीच ठेवलाय. मेसेज मात्र त्यांनी अजून ग्रुपवरून काढलेला नाही, म्हणाले, “आधी तू लिही, मग त्याच्याखाली टाकतो.”