विमान आहे ते, बाथरूमची फरशी नाही!

राखाडी विमानावर काळ्या रेघा ओढल्या नाहीत तर मॉडेल अर्धवट राहतं, हे नेमकं कुणी ठरवलं? कुठल्याही रविवारी नाशिकच्या कॉलेज रोडला चार जण विमानांची छोटी मॉडेलं घेऊन जमू देत. माझं सुखोई टेबलावर टेकायच्या आत कुणीतरी बोलतोच, "मस्त झालंय रे, पण पॅनल लाईन्स राहिल्या का?" पॅनल लाईन्स म्हणजे विमानाच्या पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा. राहिल्या नाहीत हो! मुद्दाम हलक्या ठेवल्यात! आणि शेजारी ज्याचं कौतुक चाललेलं असतं, ते बघावं तर फरशीच्या सांध्यांत काळं सिमेंट भरल्यासारखं पंखभर चौकटीच चौकटी.

साधा हिशोब करा की. १/७२ च्या, म्हणजे खऱ्याहून ७२ पट लहान, मॉडेलवर ०.२ मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर १४ मिलिमीटरची फट. जवळजवळ दीड सेंटीमीटर! बोट जाईल एवढ्या फटी पंखभर असलेलं विमान ओझरच्या हँगरबाहेर कुणी काढू देईल का?

याचाच जास्त संताप येतो. दुसऱ्या गावच्या माणसाला एकवेळ माफ करेन. आपण नाशिककर आहोत! मिगसाठी १९६४ साली आपल्या शेजारी ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, म्हणजे 'एचएएल'चा, विमान कारखाना उभा राहिला, पुढे सुखोईही तिथेच बनली. ओळखीपाळखीत कुणी ना कुणी 'एचएएल'मध्ये असतोच. विमान डोक्यावरून गरजत जातं, पण वर बघायचं कोणाला? सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये, आणि तिथे बघतात काय, तर दुसऱ्या कुणीतरी रंगवलेलं मॉडेल. नकलेची नक्कल!

मळ कुठे धरतो यालाही काही कारण असतं राव. सुखोईच्या इंजिनांभोवतीचा उघडा धातू तापून तापून काळवंडतो. पोटाखाली तेलाचे ओघळ हवेच्या झोताने शेपटीकडे ओढले जातात. मेकॅनिक जिथे चढतात तिथे बुटांचे डाग. फ्लॅपेरॉन, रडर, एअरब्रेक हे हलणारे भाग, तिथली फट खरीखुरी, तिथे खुशाल गडद रंग भरा. पण रिव्हेट मारून पक्क्या बसवलेल्या पत्र्याच्या सांध्यालाही तोच काळा? अमेरिकन नौदलाची विमानं मळकट असतात, मान्य. खाऱ्या हवेत गंज धरू नये म्हणून जागोजाग रंगाचे हात मारलेले असतात. पण ती ठिगळं असतात, वेडीवाकडी. चौकटी नव्हेत!

प्री-शेडिंगचं तर नावच काढू नका. आधी प्रत्येक सांध्यावर एअरब्रशने काळे पट्टे मारायचे, मग वरून मूळ रंग इतका पातळ द्यायचा की पट्टे आतून डोकावले पाहिजेत. एक हात जास्त झाला की मेहनत गाडली गेली, कमी पडला की विमान पट्टेरी. त्यात आपला पावसाळा. दमट हवेत लॅकर मारलं की त्यावर पांढुरकी झाक आलीच म्हणून समजा.

वॉशची, म्हणजे खाचांत सोडायच्या पातळ गडद रंगाची, तऱ्हा तीच. खाली ग्लॉस कोट, म्हणजे चकचकीत थर, असेल तर पातळ वॉश खाचेतून आपोआप पळतो आणि वरचा जास्तीचा पुसूनही निघतो. ही मंडळी बिनचकाकीच्या मॅट रंगावरच ओततात, वर "वेदरिंग केलंय", म्हणजे विमान वापरून मळल्यासारखं केलंय, म्हणून सांगतात. वेदरिंग नाही हो, डाग पडलाय तो! पुसायचं तेही नाकाकडून शेपटीकडे, हवा वाहते त्या दिशेने. यांचा बोळा गोल गोल फिरतो. पेंटच्या दुकानात वॉश पुसायला व्हाइट स्पिरिट मागितलं तर शेठ विचारतो, "दाराला की खिडकीला?" त्या बिचाऱ्याला निदान माहीत नसतं. यांना सगळं माहीत असतं.

२६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झालं आणि जो तो तेच बनवायला बसला. बनवा, आनंदच आहे. पण परवा एकाने आणलेलं बघितलं आणि डोकंच फिरलं. काळा वॉश पंखावर, शेपटीवर, पोटावर, आणि कॅनॉपीच्या, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, काचेवरसुद्धा. अरे, काचेला कसली आलीय पॅनल लाईन?