१९७४चा डेव्हिस चषक : भारत हरला नव्हता

डेव्हिस चषक या देशादेशांच्या पुरुष संघांतील टेनिस स्पर्धेविषयी ‘१९७४च्या डेव्हिस चषक अंतिम लढतीत दक्षिण आफ्रिकेने भारताला हरवले, आणि तिथवर भारत सोप्या आशियाई गटातून आयता पोहोचला होता’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. यातली दोन्ही विधाने चुकीची आहेत.

ती अंतिम लढत झालीच नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीच्या निषेधार्थ भारताने खेळायला नकार दिला आणि चषक दक्षिण आफ्रिकेला न खेळता मिळाला. म्हणून नोंद ‘पराभूत’ नव्हे, तर ‘पुढे चाल’ अशी हवी. भारताचे टेनिसपटू बंधू विजय आणि आनंद अमृतराज तेव्हा ऐन भरात होते, त्यामुळे हा त्याग लहान नव्हता.

आता ‘सोप्या’ गटाबद्दल. तेव्हा पूर्व, अमेरिका आणि युरोपचे दोन असे चार विभाग होते. भारताच्या पूर्व विभागात ऑस्ट्रेलियाही होता! कोलकात्याच्या हिरवळीवर भारताने त्यांना ३-२ असे नमवले. टायब्रेक (६-६ अशा बरोबरीनंतर एका निर्णायक गेमने सेट संपवण्याची पद्धत) नसलेल्या पाच सामन्यांच्या त्या लढतीत तब्बल ३२७ गेम झाले आणि दुहेरीतला एक सेट १७-१५, तर दुसरा १६-१८ असा गेला. याला आयते कसे म्हणायचे?

पुढे आंतरविभागीय उपांत्य फेरीत सोव्हिएत संघाला हरवले ते आपल्या पुण्यात. दक्षिण आफ्रिका मात्र भूगोल बाजूला ठेवून अमेरिका विभागातून आली होती.

भारत अंतिम लढत खेळून हरला तो १९६६ साली ऑस्ट्रेलियाकडून आणि १९८७ साली स्वीडनकडून.